शेवंता, तुझ्यासाठी सभा तहकूब झाली

शेवंता,

तुझ्यासाठी सभा तहकूब झाली. सगळे नगरसेवक उठून उभे राहिले, दोन मिनिटं गप्प राहिले आणि घरी गेले. विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकाला तुझी खोली होती. पहिल्या क्रमांकाला तू होतीस. पहिला विषय संपला तशी सभाच संपली, दुसऱ्यापर्यंत कोणी पोचलं नाही.

हे तुला सांगायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून मी लिहितोय. उभी नोकरी पालिकेत सभा लिपिक म्हणून गेली. कोण काय बोललं, अनुमोदन कोणी दिलं, शेवटी काय ठरलं, हे लिहून ठेवणं एवढंच मला येतं. तेव्हा हेही तसंच समज. फक्त यात ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ घालत नाही. ते शब्द ऐकले की तू मुद्दाम कान खाजवायचीस.

मला अजून रडू आलेलं नाही. स्मशानात नाही, तुझ्या घरी नाही. सुरेखा दासगावहून आली, ‘मामा’ म्हणून माझ्या गळ्यात पडली, तेव्हा तुझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. त्याचा महिना कोणी उलटला नव्हता. ती बाजूला झाल्यावर मी तो उलटला. तेवढं एक काम त्या दिवशी मी केलं असेन.

माझं बिऱ्हाड पालिकेच्या मागच्या क्वार्टरमध्ये, आणि तू सफाई कामगारांची मुकादम, त्यामुळे सकाळची हजेरी माझ्या खिडकीखाली. उजाडायच्या आत तुझा आवाज सुरू. ‘फुला, कालचं घमेलं कुठं टाकलंस गो? आनि तू, आधी बूट घाल, मग बाजारात जा.’ त्या आवाजाला मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता हजेरी फुलाबाई घेते. ती हळू बोलते. परवा मी झोपूनच राहिलो आणि ऑफिसात सगळ्यांच्या मागून पोचलो. साहेबांनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, गजर झाला नाही.

आपली वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, तुझं-माझं घर शेजारी, आणि शाळा खाली. मध्ये पऱ्या, डोंगरातला ओढा. एरवी त्यात घोटा बुडायचा नाही, पण आषाढात तो असा भरायचा की मोठी माणसंसुद्धा काठाला थांबायची. तू माझं दप्तर आपल्या डोक्यावर घ्यायचीस, परकर खोचायचीस आणि पुढे व्हायचीस. मागे न बघता सांगायचीस, ‘माझ्या पावलावर पाऊल टाक रे. मधी थांबू नको.’ तुझी पाटीही माझ्याच दप्तरात असायची. चौथीनंतर ती पाटी दप्तरातून गेली आणि मी एकटा पऱ्या ओलांडायला लागलो. दप्तर कोरडं राहिलं म्हणून मी शिकलो, शिकलो म्हणून खुर्चीवर बसलो, असं मला कितीदा तरी वाटलं आहे. हे तुला एकदाही बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर म्हणाली असतीस, ‘मग आता माझं घमेलं उचल.’ पण बोलायला हवं होतं. आता लिहितोय, घे.

लग्न होऊन तू इथे आलीस. नवरा मुंबईला वॉचमन. सणासुदीला यायचा, मग सणासुदीलाही यायचा बंद झाला. तू पालिकेत झाडू हातात घेतलास. शेतकऱ्याच्या घरातली पोर रस्ते झाडते म्हणून वाडीत कुजबुज होतीच. पहिल्या दिवशी तू आवारात दिसलीस तेव्हा मला कुठे बघावं कळेना. तू सरळ माझ्यापाशी आलीस. ‘मान वर कर रे सदा. कचरा काढतंय मी, चोरी नाय करत.’ त्या दिवसापासून चारचौघांत ‘साहेब’ आणि एकटी असलीस की ‘सदा’, हा तुझा नेम. ‘साहेब’ म्हणताना तुझ्या ओठांवर जे हसू असायचं, त्याची मला खऱ्या साहेबापेक्षा जास्त भीती वाटायची.

आपलं पहिलं मोठं भांडण बाळूवरून झालं. ते मिटलं असं मला वाटत होतं, पण तुझ्या सभेत कळलं की मिटलेलं नाही. म्हणून ते पहिल्यापासून सांगतो. तुला पाठ आहे, तरी ऐक.

आपल्याकडे सभेची सुरुवात शोकप्रस्तावाने होते. मधल्या काळात जे गेले त्यांची नावं मी वाचतो आणि सभागृह उभं राहतं. पण उभं राहण्यातही पायऱ्या आहेत. माजी अध्यक्ष गेले, नगरसेवक गेले, मोठा अधिकारी गेला, तर दोन मिनिटांवर भागत नाही. त्या दिवशीचं सगळं कामकाज बाजूला ठेवून सभा तहकूब करायची, हा त्यांचा मान. बाकीच्यांना नुसती दोन मिनिटं. एक इंजिनियर साहेब वारले, तेव्हा सभा तहकूब झाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत कचऱ्याच्या ट्रॅक्टरवरचा बाळू गेला. त्याचं नाव मी वाचलं, सगळे उभे राहिले, तेवढ्यात कोणाचा तरी फोन वाजला आणि सगळे बसले. पुढचा विषय गटारावरच्या झाकणांचा होता.

तू दारात उभी होतीस. सभा संपेपर्यंत थांबलीस आणि मग माझ्या टेबलाशी आलीस.

‘इंजिनेरसाठी सभा उठली. बाळूसाठी का नाय उठली?’

‘तशी पद्धत आहे.’

‘कुनी घातली?’

‘जुना ठराव आहे, शेवंता. मी काय करू?’

‘नवा कर.’

ठराव मी करत नाही, सभागृह करतं, हे मी तुला पुन्हा पुन्हा समजावलं. तुला ते पटलं असावं, कारण तू मला सोडून सभागृहाच्या मागे लागलीस. मुकादमाने स्वतः झाडू मारायचा नसतो. तू सकाळी सकाळी एकेका नगरसेवकाच्या दारासमोर स्वतः झाडायला लागलीस. माणूस दात घासत बाहेर आला की झाडता झाडता विचारायचीस, ‘तुमी मेलात तर सभा उठनार. मी मेले तर?’ चहाच्या आधी असला प्रश्न कोणाला झेपणार? महिना-दोन महिन्यांत ठराव आला. कायम असो की ठेक्यावरचा, पालिकेचा कोणीही माणूस नोकरीत असताना गेला, तर सभा तहकूब करण्यात येईल. मसुदा माझ्या हातचा. दुसऱ्या दिवशी तू वर्तमानपत्रात गुंडाळून गरम पोपटी आणलीस, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. त्या भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासाने आख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती गोळा झालं.

शेंगा सोलताना मी तुला डिवचलं. म्हटलं, ‘मिळालं काय यातून? बाळूला कळणार आहे, सभा उठली की बसली? एक दिवस काम तेवढं बुडतं.’

तू शेंग तोंडात धरून माझ्याकडे बघितलंस. ‘मेलेल्याला नाय रे. उरलेल्यांना. बाळूच्या पोरांना कळलं पायजे, बापूस गेला तवा साहेब लोकांनी काम टाकलं.’

मी म्हटलं, ‘एखाद्या दिवशी महत्त्वाचं काम बुडेल, मग कळेल तुला.’

‘तवाचं तवा बगू,’ म्हणालीस, आणि शेवटचं अंडं स्वतः खाल्लंस.

दुसरा वाद शोकप्रस्तावाच्या मजकुराचा. तो माझ्याकडे ठरलेला आहे, मला माझ्या आधीच्या लिपिकाने दिला. ‘अमुक अमुक हे कर्तव्यदक्ष, निष्ठावान व मनमिळाऊ कर्मचारी होते.’ नाव बदललं की झालं. तू हे एकदा नीट ऐकलंस आणि माझी पाठच घेतलीस. बाळू मनमिळाऊ? बाळू दिवसभरात दोन शब्द बोलला तरी ट्रॅक्टर थांबायचा. इंजिनियर निष्ठावान? कोणाशी? मी म्हणायचो, अगं, असंच लिहितात, मेलेल्या माणसाचं काय चूक-बरोबर करायचं. त्यावर तू म्हणालीस, ‘माझ्या येळंला असलं काय लिवू नको. भांडखोर लिव. ऐकनाऱ्याला पटायला तरी पायजे.’ मी हसलो होतो. तू जाशील आणि लिहायचं माझ्यावर येईल, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं.

मग तो जुलै आला. तळीयेवर डोंगर उतरला आणि महाड पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर आजूबाजूची सफाईची माणसं महाडला बोलावली, त्यात तुझी टोळी. बायका दिवसभर गुडघाभर चिखलात. दुकानांतून भिजलेलं धान्य काढा, कपडा काढा, मेलेली जनावरं काढा. आणि सांजेला तेच ओलं लुगडं अंगावर घेऊन टेम्पोत उभ्याने घाट चढायचा. तिथे एका मोहल्ल्यात एका भाभीने तुम्हाला हाक मारली. तिचं खालचं घर चिखलाने भरलेलं, नवरा कुवेतला, पण वरची एक खोली शाबूत होती. तिने पाणी तापवून दिलं, कपाटातले आपले कोरडे ड्रेस काढून दिले आणि म्हणाली, ‘आतून कडी लावून घ्या. सावकाश होऊ दे, मी जिन्यात बसते.’

तुम्ही सगळ्या परत आलात त्या फुलाफुलांच्या पंजाबी ड्रेसमध्ये. फुलाबाईला तो घोट्याच्या वर आणि तुला कमरेत होईना. मला हसू आवरेना. तू हसली नाहीस. ‘सदा,’ म्हणालीस, ‘कामाच्या जागी आतून कडी लागनारी खोली पयल्यांदा बगितली रे.’

त्या आधी मी कधी विचारच केला नव्हता की तुम्ही कपडे कुठे बदलता. बदलता हेही डोक्यात नव्हतं. आवारात कचऱ्याचा टेम्पो उभा असतो, त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात दोघी जणी लुगडं आडवं धरायच्या आणि बाकीच्या आत. तू मात्र पुढे, कमरेवर हात ठेवून पहाऱ्याला. मला नळाकडे जायला तोच रस्ता. तुझी हाक यायची, ‘कोन हाय रे भायेर?’ मी म्हणायचो, ‘मी, सदा.’ ‘मग तोंड फिरव आनि बस तिथंच.’ मी नळाच्या कट्ट्यावर पाठमोरा बसून राहायचो आणि माझ्या मागे तुम्ही हसायचात. पहिल्यांदा अपमान वाटला, नंतर सवय झाली.

खोलीचा अर्ज तेव्हापासूनचा. एक खोली, नळ, खुंट्या आणि आतून कडी. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेत तो असायचा, पण तळाला. आणि तळाचे विषय कसे जातात ते तुला मी सांगायला नको. ‘वेळेअभावी पुढील सभेत.’ हे शब्द मी तुझ्या खोलीपुढे इतक्या वेळा लिहिले की हात आपोआप लिहायला लागला. तू दर वेळी यायचीस, विचारायचीस, ‘झाली?’ आणि मी मान हलवायचो. कधी चिडायचीस. मी म्हणायचो, थोडा धीर धर, पद्धतशीर येऊ दे. तू म्हणायचीस, ‘पद्धतशीर माझं लुगडं वाळतंय अंगावर.’

या वेळी तू बरोबर वेळ साधलीस. गणपती तोंडावर, मुंबईकर येणार, अध्यक्षांना रस्ते लखलखीत हवेत. तू त्यांच्या केबिनमध्ये शिरलीस. ‘रस्तं चकाचक करून देतो आमी. पन या टायमाला खोली वर घ्या.’ अध्यक्ष हसले आणि मला म्हणाले, घ्या हो सदाभाऊ, दोन नंबरला घ्या. गणपतीनंतर आचारसंहिता लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती लागली की नवं काम मंजूर होत नाही. म्हणजे ही सभा, नाहीतर मग निवडणूक होऊन नवी माणसं येतील तेव्हा.

नोटीस निघाली त्या दिवशी तू माझ्या टेबलाशी आलीस. तुला वाचता येत होतं, तरी म्हणालीस, ‘तू वाच.’ मी वाचलं. विषय क्रमांक दोन, सफाई कर्मचारी महिलांकरिता कपडे बदलण्याची खोली बांधणेबाबत विचार करून निर्णय घेणे.

‘विचार करून कशाला?’ तू म्हणालीस. ‘विचार मी केलाय. त्येंनी निस्ता निर्णय घ्यावा.’

मग तू त्या ओळीवर बोट ठेवलंस. तुझ्या बोटाच्या वरची ओळ पहिल्या विषयाची होती. शोकप्रस्ताव. ती ओळ नेहमीच छापलेली असते, नाव कोणाचं येईल ते सभेच्या दिवसापर्यंत ठरत नाही. ती आपण दोघांनीही वाचली नाही.

ताप तू अंगावर काढलास. गणपतीची कामं आहेत, आता कुठे निजू, असं म्हणत. मग महाडचा दवाखाना. मी आलो तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस. मी खुर्ची ओढली त्याच्या आवाजाने डोळे उघडलेस. ‘इषय दोनच हाय ना रे?’ मी म्हटलं, दोनच आहे. तू मान हलवलीस. मला बोलायचं खूप होतं असं लिहिलं तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर मला वाटलं की तू आठवड्याभरात परत खिडकीखाली ओरडायला लागशील. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसलो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो.

तू गेलीस आणि सभा तोंडावर आली. तुझा ठराव माझ्या कपाटात होता. नोकरीत असताना गेलेल्या कोणाही कर्मचाऱ्यासाठी सभा तहकूब.

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, साहेब, एक विनंती आहे. आधी दोन नंबरचा विषय घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, मग शोकप्रस्ताव घेऊन सभा उठवा. ते म्हणाले, ‘सदाभाऊ, बाई गेल्यात आणि आम्ही आधी कामकाज उरकायचं? त्या सगळ्या बायका दारात असतील. म्हणतील, इंजिनियरसाठी लगेच उठलात, मुकादमाच्या वेळी घासाघीस केलीत.’ तुझंच बोलणं तो माणूस मला ऐकवत होता.

मग मी फुलाबाईला गाठलं. तिने सांगितलं असतं तर अध्यक्षांनी ऐकलं असतं. ती भिंतीला झाडू टेकवून बसली होती. मी तिला सगळं उलगडून सांगितलं, आचारसंहिता, निवडणूक, उठलेली सभा गणपतीच्या गडबडीत परत भरणार नाही, पुढची केव्हा ते माहीत नाही.

‘खोली मागनं व्हईल,’ ती म्हणाली. ‘शेवंता काय परत मरनार हाय?’

‘तिला खोली हवी होती, फुलाबाई. दवाखान्यातसुद्धा तेच विचारलं तिने.’

‘तिला दोनी पायजे होतं. तिला समदंच पायजे होतं. पन साहेब, आमी धुतलेली लुगडी काढून ठेवलीत. आमच्यातल्या बाईसाठी सभा उठनार, ती आमी बगायला येनार.’

मी टेबलाशी येऊन शोकप्रस्ताव लिहायला घेतला.

सभेच्या दिवशी त्या आल्या. नेहमी दारात उभ्या राहतात, त्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवर बसल्या. इस्त्री नसलेली पण स्वच्छ लुगडी, डोक्यावरून पदर, पाय बाकाखाली घेतलेले. बाहेर पाऊस लागून राहिला होता. मी उभा राहिलो आणि ठरलेल्या आवाजात वाचलं. ‘आपल्या पालिकेच्या मुकादम शेवंताबाई या कर्तव्यदक्ष, निष्ठावान व भांडखोर कर्मचारी होत्या. त्यांच्या निधनाने पालिकेची हानी झाली आहे.’ मी मान वर करून बघितलं. कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. एकाने सूचक म्हणून हात वर केला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर. फक्त फुलाबाईने शेजारणीला कोपर मारलं, दोघींनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसताहेत की रडताहेत ते मला कळलं नाही. शेवंता, तू भांडखोर होतीस हे आता पालिकेच्या दप्तरी एकमताने नोंदलेलं आहे. ते बदलायचं तर नवा ठराव करावा लागेल.

दोन मिनिटं पुरती झाली. कोणाचा फोन वाजला नाही. मग अध्यक्ष म्हणाले, ‘दिवंगत कर्मचाऱ्यास आदरांजली म्हणून सभा तहकूब करतो,’ आणि खुर्च्या सरकल्या. नगरसेवक एकेक करून त्या बाकांपुढून जाताना हात जोडून गेले. त्या वेळी मी बायकांची तोंडं बघितली. बाळूच्या वेळी पोपटी खाताना तू जे बोललीस ते बरोबर होतं. ते मी त्या दिवशी समोर बघितलं. आणि मी बोललो होतो तेही बरोबर होतं. आपण दोघं बरोबर ठरलो आणि खोली गेली. आता हा वाद कोणाशी पुढे न्यायचा?

सभागृह रिकामं झालं. मी पंखे बंद केले, दार ओढलं आणि खाली येऊन टेबलाशी बसलो. काही लिहिलं नाही. गणपतीचा बाजार होता, त्यामुळे बायका ती चांगली लुगडी बदलून, रोजची नेसून, तशाच पावसात कामाला गेल्या.

दुपारनंतर परत आल्या त्या नखशिखांत भिजून. टेबलाशेजारच्या खिडकीतून टेम्पो दिसतो. दोघींनी लुगडं आडवं धरलं. पुढे पहाऱ्याला कोणी नव्हतं. तुझी जागा तशीच मोकळी सोडून त्या उभ्या होत्या, मुद्दाम नाही, ध्यानातच आलं नसेल. हातगाडीवाला एक माणूस नळाकडे चालला होता आणि त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

मी किल्ली घेऊन आवारात गेलो. म्हटलं, ‘फुलाबाई, वर चला.’

‘कुठं?’

‘सभागृहात.’

‘साहेब लोकांच्या खुर्च्या हायत तिथं. भिजतील.’

‘आज कोणी बसत नाही. सभा तहकूब आहे.’

त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग फुलाबाई निघाली आणि तिच्या मागून बाकीच्या, हातात चपला घेऊन. जिन्यावर चिखलाची पावलं उमटत गेली. मी दार उघडलं, दिवे लावले, पंखे सुरू केले. बाहेर पडताना बघितलं तर दाराला आतून कडीच नाही. बाहेरून कोयंडा आहे, कुलूप घालायला. आत बसून सभा घेणाऱ्यांना कडी कधी लागलीच नसेल. मी दार लोटून घेतलं, शिपायाची खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसलो.

काल आचारसंहिता लागली. आता खोली मंजूर होत नाही, पण सभाही होत नाही. सभागृह रिकामं आणि किल्ली माझ्याकडे. त्या दिवसापासून मी रोज दुपारी वर जाऊन दार उघडतो. साहेब एकदा जिन्यातून येत होते, मला खुर्चीवर बसलेला बघितलं, आतला आवाज ऐकला आणि काही न विचारता खाली गेले. निवडणूक होईल, नवी माणसं येतील, त्यांना सभेला जागा लागेल. तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीवर कोणाचं तरी ओलं लुगडं असेल. पहिल्या सभेला दोन नंबरचा विषय काय आहे, ते त्यांना मी वाचून दाखवीन. ‘विचार करून’ हे शब्द मी मसुद्यातून काढले आहेत.

आज दुपारी मी असाच बसलो होतो. आत बायका कशावरून तरी हसत होत्या. मला तुझी आठवण येतेय असंही वाटत नव्हतं. पाठीला दाराची फळी लागत होती, तेवढंच कळत होतं. माझी खुर्ची जरा करकरली. आतलं हसणं एकदम थांबलं आणि फुलाबाईचा आवाज आला. ती एरवी हळू बोलते, पण या वेळी मोठ्याने बोलली.

‘कोन हाय रे भायेर?’

‘मी, सदा.’

‘बस मग तिथंच.’

बसलोय, शेवंता.